सुळ्याची जखम

"जावईबापू, मी शीळ घातल्याबिगार खडकावरनं उतरायचं न्हाई. वाघ आला तरी न्हाई, आन मुताय आलं तरी न्हाई," असे तात्यांनी दाजींना बजावले, तेव्हा ओढ्याकाठी न्याहारीस बसलेली सारी मंडळी खो खो हसली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान हिंदूराव. खालच्या मुलखातील साखर कारखान्यात ते बॉयलरवर कामास होते. आमच्या गावच्या यात्रेनिमित्त ते आक्कासह आले होते. यात्रेच्या आदल्या दिवशी पुरुषांनी रानात शिकारीचा हाका घालावा आणि पडलेल्या रानडुकराचे वाटे घरोघर पोचावेत, ही आमच्या डोंगरी भागातील जुनी चाल होय. सरकारने ती कधीच बंद केली होती, परंतु गावाने केली नव्हती. वाट्यांचेही नियम ठरलेले असत. माणसास एक वाटा, कुत्र्यास अर्धा, बंदुकीस एक, आणि ज्याला डुकराचा सुळा लागेल त्यास दोन.

बंदुकीच्या वाट्याचे दाजींना फार नवल वाटले.

"मामा, बंदूक जेवती व्हय?"

"जेवती तर," तात्या म्हणाले. "तिला दात न्हाईत म्हनून तिचं मला चावावं लागतं."

तात्या, म्हणजे माझे वडील, गावात नेमबाज म्हणून प्रसिद्ध होते. त्यांची ठासणीची बंदूक आजोबांच्या काळापासून घरात होती आणि शेताच्या राखणीसाठी तिचा रीतसर परवाना होता. जावयावर त्यांचा अतिशय जीव. मुलाची करावी तशी त्यांची थट्टा करीत, आणि मुलास कधी देत नसत असा मान त्यांना देत. त्या दिवशी दाजींना बसण्यासाठी तात्यांनी सर्वांत सुरक्षित जागा निवडली होती. करवंदीच्या जाळ्यांवर एक उंच खडक होता. त्यावर आंब्याची फांदी आली होती. तेथून सर्व रान दिसे आणि जनावर वर चढू शकत नसे.

मी हाकाऱ्यांबरोबर पलीकडच्या अंगाला गेलो. डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत आम्ही रान उठविले. आमच्याकडे बार झाला की पाठोपाठ बंदूकवाल्याची आरोळी येते. जनावर पडले तर "पडलं", निसटले तर "गेलं". त्यावरून हाकाऱ्यांनी पुढे धावावे की थांबावे हे समजते. त्या सकाळी तात्यांच्या बंदुकीचा बार मी ओळखला. मग कान देऊन उभा राहिलो.

पडलं नाही आणि गेलंही नाही. कोणतीच आरोळी आली नाही.

मी जाळ्या तुडवीत धावत सुटलो. खडकाच्या पायथ्याशी करवंदीत दाजी बसले होते. त्यांच्या मानेवर आणि छातीवर तांबड्या मुंग्या चालत होत्या. फांदीवरील मुंग्यांचे घरटे त्यांच्या अंगावर फुटले होते, म्हणून ते खाली उतरले होते. जाळी हलली आणि तात्यांनी चाप ओढला. एवढीच हकिकत.

"बाळकू, मुंग्यांनी खाली उतरवलं बघ," मला पाहून दाजी म्हणाले. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला.

त्यांच्या उजव्या मांडीत छर्रे शिरले होते. पायजम्यास बारीक छिद्रे पडली होती आणि त्या प्रत्येक छिद्राभोवती रक्ताचा एकेक ठिपका होता. रक्त ठिपकत होते, वाहत नव्हते. हे मी पुढे अनेकदा आठवले आहे, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

तात्या गुडघ्यांवर बसून दाजींच्या अंगावरील मुंग्या एकेक करून वेचीत होते. बंदूक दूर गवतात पडली होती. इतर मंडळी गोळा झाली. कोणी विचारायच्या आधीच त्यांतील एकाने ठरवून टाकले, "डुकरानं मारलंय म्हनून सांगायचं."

यात कोणास वावगे वाटले नाही. रानातील अपघात डुकराच्या नावावर घालणे ही गावाची रीतच होती. त्यामागे केवळ पोलिसांचे भय नव्हते. तात्या तरुण असताना त्यांच्या एका सोबत्यास अशीच गोळी लागली होती. त्यास दवाखान्यात नेले, तेव्हा तेथील डॉक्टरने पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत त्यास हात लावला नाही. ओसरीवर पडल्या पडल्या तो मनुष्य गेला. तात्या त्याच्या उशाशी बसून होते. तेव्हापासून गावात हे वाक्य पक्के झाले होते की, बार लागलेल्यास डॉक्टर शिवत नाहीत.

"डुकराचंच सांगू, मामा," दाजी स्वतः म्हणाले. "तुमच्या मागं झेंगट नको."

"माझं राहू द्या हो," तात्या म्हणाले. "तुमाला टाका लवकर पडला पायजे."

मग त्यांनी दाजींच्या मांडीकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि मला ओढ्यावरून पाणी आणण्यास पिटाळले. मी कळशी बुडवीत असतानाच दाजींची किंकाळी कानी आली. पाय सरळ करताना दुखले असेल, असे मी समजलो. परतून पाहतो तो तात्यांनी डोईचा पटका फाडून मांडी घट्ट आवळली होती आणि पटका लाल झाला होता. तात्या सुरी गवतात पुशीत होते. पटका फाडण्यास त्यांनी सुरी काढली असावी, असा माझा समज झाला.

घोंगड्याची झोळी करून आम्ही दाजींना गावात आणले. दुधाचा टेम्पो उभा होता. त्यातील कॅन उतरवून दाजींना आत घातले. आक्का यात्रेच्या पोळ्या लाटीत होती, ती पिठाच्या हातांनीच टेम्पोत चढली.

"काय झालं?" तिने विचारले.

"डुकरानं मारलं," तात्या म्हणाले.

"हे तर खडकावर बसणार हुते न्हवं?"

आक्काने तात्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि दाजींचे डोके मांडीवर घेतले. टेम्पो घाट उतरू लागला. दाजी प्रथम बोलत होते. कारखान्यातील कोणा सोबत्यास हे सांगितले तर तो जन्मभर चिडवील, असे काहीसे म्हणाले. पुढे ते पाणी मागू लागले. नंतर पाणीही मागेनासे झाले. टेम्पोच्या तळावर दुधाचे ओघळ वाळलेले होते, त्यांवरून रक्त पसरत आक्काच्या लुगड्यापर्यंत आले.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर शैलजा हुद्दार नावाच्या बाई होत्या. शरीराने लहानखुऱ्या, केस पिकू लागलेले. त्यांनी दाजींना पाहताच खोलीत घेतले. परिचारिका एकच असल्यामुळे पाय धरण्यास मला आत उभे केले. आक्कास बाहेर बसविले. तात्या मात्र दाराच्या चौकटीस धरून उभे राहिले आणि कोणी सांगूनही हलले नाहीत.

"कशानं लागलं?" बाईंनी पटका कापीत विचारले.

"डुकराचा सुळा," तात्या म्हणाले.

पटका सुटला आणि रक्ताने एकदम उसळी घेतली. बाईंनी मूठ जखमेत दाबली. त्यांनी परिचारिकेस रक्ताच्या बाटलीविषयी विचारले, तर ती येथे मिळत नाही, कोल्हापुरासच न्यावे लागेल, आणि रुग्णवाहिका तर सकाळीच एका बाळंतिणीस घेऊन गेली आहे, असे उत्तर आले. एका हाताने शीर दाबून धरीत दुसऱ्या हाताने बाई काम करू लागल्या. मी पाय धरून होतो. तो पाय मला हळूहळू थंड लागू लागला होता.

"डुकरानंच ना? मला आत काय काय आहे ते कळायला हवं."

"सुळाच, बाई. ह्यो एवढा लांब."

थोड्या वेळाने बाईंच्या चिमट्यातून काहीतरी निघाले आणि तबकात पडले. टण्ण असा आवाज झाला. मग दुसरे पडले. बाईंनी मान वर करून तात्यांकडे पाहिले.

"बाबा, हा कुणाचा दात?"

तात्या दारातच खाली बसले. हात जोडून ते म्हणाले, "बाई, बार लागलाय. माझ्याच बंदुकीचा. मी सोता जातो पोलिसाकडं, घेऊन येतो त्यास्नी. तवर तुमी हात काढू नका."

"माझा हात कुठं निघालाय का?" बाई म्हणाल्या.

आणि खरोखरच तो निघाला नव्हता. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. त्यांनी सलाईन वाढविण्यास सांगितले, टाके घालण्यास घेतले आणि शीर बांधलीही. परंतु ज्या देहासाठी ती बांधायची त्यात फारसे काही उरले नव्हते. दाजींचे डोळे अर्धवट उघडे होते. मी अद्याप पाय धरून उभा होतो. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवून तो सोडविला.

"बाळकू," तात्या दारातून म्हणाले, "पाय का सोडलास?"

मी तो पाय हलकेच सरळ करून ठेवला. तेव्हा त्यांस समजले.

आक्काचा आक्रोश मी येथे लिहीत नाही. ती बाहेर बायकांच्या मध्ये असताना डॉक्टरबाईंनी मला व तात्यांना पुन्हा आत बोलाविले. त्यांनी हात धुतले होते. दाजींच्या अंगावर चादर होती. बाईंनी मांडीपुरती ती दूर केली.

"हे छर्रे," बोटाने दाखवीत त्या म्हणाल्या. "हे वरवर आहेत. यांनी माणूस लंगडला असता फार तर. पण हे, आतल्या बाजूनं गेलेलं, हे छर्र्यांनी झालेलं नाही. हे कापलेलं आहे. मोठी शीर इथून जाते, ती तुटली. कुणी कापलं?"

मला ओढ्यावरील कळशी आठवली. किंकाळी आठवली. गवतात पुसली जाणारी सुरी आठवली. मी तात्यांकडे पाहू शकलो नाही.

"मी," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज सरळ होता. "सुळा खालनं वर फाडत जातो. नुसती भोकं बघून तुमी वळाकलं असतं. मग पोलीस येस्तवर याला भाईर पडून ऱ्हावं लागलं असतं. एक मानूस तसा गेलेला बघिटलाय मी. म्हनून जरा फाडलं. सुळ्यागत दिसाय पायजे हुतं."

दाजींना विचारले होते का, असे बाईंनी विचारले. विचारले होते, त्यांनी पटक्याचा बोळा दातांत धरला आणि होय म्हणून मान हलविली होती, असे तात्यांनी सांगितले.

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. मग तात्या म्हणाले,

"बाई, एक इचारतो. मी कापलं नसतं, आन नुसता बार लागलाय असं खरं सांगून याला आनला असता, तर पोलीस यायच्या आदी तुमी याला हात लावला असता का?"

डॉक्टरबाईंनी तात्यांच्या हातांकडे पाहिले. त्या हातांच्या नखांत रक्त सुकले होते, आणि एका नखात तांबडी मुंगी चिरडलेली होती.

"नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "पोलीस येईपर्यंत थांबावंच लागलं असतं मला."

तात्यांनी मान डोलावली. बराच वेळ ते ती डोलावीत राहिले.

"म्हंजे माझं बराबर हुतं," ते म्हणाले. "हात तेवढा चुकला."

पोलिसांना कळविण्यासाठी बाई कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांनी मला मागे येण्याची खूण केली. दार लोटून घेऊन त्या म्हणाल्या, "मी आत खोटं बोलले. बार लागलेला असो, भोसकलेला असो, विष घेतलेला असो, माणूस दारात आला की आधी उपचार. पोलिसांना फोन मी करायचा, आणि तोही हातातलं काम झाल्यावर किंवा दुसऱ्या कुणाकडून. थांबायचं असं कायद्यात कुठंच नाही. थांबले तर गुन्हेगार मी. पूर्वी लोक अडवायचे, ते भीतीपोटी. तेव्हाही ते चूकच होतं."

"मग तात्यांना तसं का सांगितलंत?"

"काय सांगू? जावई उगीच कापलास, असं?" त्यांनी फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. "तुम्ही गावात सांगा. प्रत्येक घरात सांगा, नाहीतर पुन्हा कुणीतरी सुरी काढेल. फक्त बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका."

बाई शहाण्या होत्या, परंतु त्यांनी आमचे गाव पाहिले नव्हते. तेथे देवळापाशी कोणी खोकले तर वेशीजवळच्या घरातून गुळवेलीचा काढा येतो. गावास सांगायचे आणि तात्यांना कळू द्यायचे नाही, या दोन गोष्टी एकत्र होण्यासारख्या नव्हत्या. मी त्यांतली दुसरी पाळली.

तात्यांनी न्यायालयात सर्व कबूल केले. शिक्षेचे वाक्य वाचले जात असताना ते ताठ उभे होते. बंदूक सरकारजमा झाली. तुरुंगातून ते परतले तेव्हा एकदम म्हातारे दिसू लागले होते. आक्का सासरी एकटी राहिली. ती माहेरी आली नाही आणि तात्याही तिच्याकडे गेले नाहीत. ते पारावर फारसे बोलत नसत. तथापि, कोणी तो विषय काढलाच, तर एवढे निश्चित सांगत की, "डॉक्टरीणबाई सोता म्हनल्या, थांबावंच लागलं असतं." ज्याने एवढे सोसले त्याचे म्हणणे खोटे कसे असेल? अशा रीतीने ते वाक्य गावात पूर्वीपेक्षाही घट्ट झाले.

पुढे कित्येक वर्षांनी, यात्रेच्या आदल्या दिवशीच, मी व तात्या रानाच्या कडेच्या आमच्या खळ्यावर नाचणी मळीत होतो. रानातून बार ऐकू आला. मी नकळत कान टवकारले. पडलं नाही, गेलं नाही.

काही वेळाने मंडळी घोंगड्याच्या झोळीत आमच्या भावकीतील गुंडूस घेऊन आली. त्याच्या मांडीत छर्रे होते. तो शुद्धीवर होता आणि बंदूकवाल्यास मनमुराद शिव्या देत होता. रस्त्याकडे जाण्याऐवजी मंडळींनी त्यास तात्यांपुढे आणून ठेवले. सुळ्यासारखी जखम करायची ती त्यांनीच, असे सर्वांनी धरून ठेवले होते.

"तात्या, म्हातारा हात हाय, जरा हलका लावा," गुंडू म्हणाला. "दोन वाटे मिळनार म्हनून सोसतोय."

तात्या त्याच्यापाशी बसले. त्यांनी कनवटीची सुरी काढली, धार अंगठ्यावर पाहिली. मग त्यांनी ती सुरी माझ्यापुढे धरली.

"बाळकू, तू धर. तुझा हात थिर हाय. भाईरच्या अंगानं न्यायची. आतनं मोठी शीर असती, तिकडं जायचं न्हाई. भाईरनं नेली की मानूस ऱ्हातो."

इतक्या वर्षांत तात्या काय विचार करीत बसत असत, ते मला त्या क्षणी कळले. ते पश्चात्ताप करीत नव्हते. सुरी कोणत्या बाजूने न्यावयास हवी होती, हे ते मनाशी पुन्हा पुन्हा ठरवीत होते.

सुरी माझ्या हातात होती. गुंडूने घोंगड्याचे टोक दातांत धरले.

"कापायचं न्हाई," मी म्हणालो. "बार लागलाय म्हनून सरळ सांगायचं. डॉक्टर लगीच हात लावत्यात. कायदाच तसा हाय. उचला त्याला, जावा."

मंडळी तात्यांकडे पाहू लागली.

"बाई म्हनल्या हुत्या," तात्या म्हणाले.

"तुमच्या तोंडाकडं बघून म्हनल्या, तात्या. भाईर मला खरं सांगितलं. तवाबी त्या थांबनार नव्हत्या."

झोळी उचलली गेली. मंडळी उताराने धावत रस्त्याकडे गेली आणि गुंडूच्या शिव्या दूर दूर होत ऐकू येईनाशा झाल्या. तो वाचला. अद्यापि जरा लंगडतो, आणि त्या वर्षीचे दोन वाटे आपणास कमी मापाचे मिळाले असे सांगत फिरतो.

खळ्यावर आम्ही दोघेच उरलो. तात्यांनी हात पुढे केला. मी सुरी दिली. ती त्यांनी कनवटीस लावली नाही, नाचणीच्या राशीत मुठीपर्यंत खुपसली.

"बाई काय काय बोलल्या, ते समदं सांग," ते म्हणाले. "गाळू नगंस."

कचेरीतील सर्व बोलणे मी त्यांस जसेच्या तसे सांगितले. न्यायालयात उभे राहिलेले तात्या या वेळी खळ्याच्या मधल्या खांबास, मेढीस, टेकून बसले. ऐकून झाल्यावर त्यांनी बराच वेळ आपल्या नखांकडे पाहिले.

"आक्काला ठाव हाय?"

"न्हाई."

ते उठले. त्यांनी डोईचा पटका सोडला, झटकला आणि नीट बांधला. खालच्या मुलखाची एस.टी. किती वाजता असते, असे त्यांनी विचारले. मी बरोबर येतो, असे म्हणालो.

"नगं," ते म्हणाले. "तवा पाण्याला धाडलं हुतं तुला. आता तरी एकट्यानं सांगू दे."

आणि पायांत काहीही न घालता ते उतार उतरू लागले.